आरोग्याच्या चार गोष्टी : वारंवार बदलणारा चष्मा

मोतीबिंदूवरील लेख छापून आल्यावर एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावीच्या वर्गांत आहे. दीड वर्षांत त्याचा चष्मा तीन वेळां बदलला, आणि तिसऱ्या चष्म्यानेंही त्यास फळ्यावरील अक्षर स्वच्छ दिसत नाहीं. घरांतील वडील मंडळी म्हणतात, ‘रात्रीचें वाचन बंद करा’. शेजारी म्हणतात, ‘हातांतला मोबाइल काढून घ्या’. आणि मुलगा म्हणतो, ‘चष्मा करणाराच चुकला’. ह्यांत खरें कोणाचें मानावें, असा त्या भगिनीचा प्रश्न आहे.

पत्रावरून निदान करणें वैद्यासही उचित नव्हे. मग जन्मभर मुलांस व्याकरण शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास तें कोठून उचित असणार? तथापि हा प्रश्न एका घराचा नाहीं. वाढत्या वयांतील मुलांचा चष्मा बदलणें ही नित्याची गोष्ट असल्यामुळें त्या गर्दींत एक निराळा विकार पुष्कळदां दडून राहतो. त्याचें नांव केराटोकोनस. तो वेळींच ओळखला तर बहुधा जागच्या जागीं थोपवितां येतो. परंतु त्यानें एकदां जें नेलें तें पुरतेपणीं परत आणतां येत नाहीं. थोपवितां येतें, परतवितां येत नाहीं, ह्या एका वाक्यांत त्याचें सारें महत्त्व आहे. म्हणून ह्या महिन्याचीं पानें त्यास दिलीं आहेत.

निर्मळ पडदा आणि त्याचा शंकु

घड्याळाच्या तबकडीवर जशी कांच बसविलेली असते, त्याप्रमाणें डोळ्याच्या काळ्या भागावर एक अत्यंत निर्मळ पडदा असतो. लोकव्यवहारांत त्यास बुबुळ म्हणतात. पण त्याच शब्दानें आंतील काळा-पिंगट पडदाही समजला जातो, म्हणून येथें ‘पारपटल’ हा पुस्तकी शब्द वापरतों. पारपटल सुमारें अकरा-बारा मिलिमीटर रुंद असून मध्यभागीं त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यांत एकही रक्तवाहिनी नाहीं. तें अश्रूंवर व डोळ्याच्या आंतील जलावर पोसतें, आणि प्राणवायु बाहेरच्या हवेंतून घेतें. पाहण्याचें काम आंतील भिंगच करतें अशी आपली समजूत असते. वस्तुतः प्रकाशाचे किरण वळविण्याचें सुमारें दोनतृतीयांश काम हें पारपटलच करतें. म्हणून त्याच्या गोलाईंत अल्पसा फरक पडला तरी दृष्टींत मोठा फरक पडतो.

पारपटल हें दोनशेंहून अधिक पातळ थरांचें बनलेलें असतें. प्रत्येक थरांत अतिसूक्ष्म तंतु ओळीनें मांडलेले, आणि एका थरावर दुसरा थर आडवा. हे तंतु एकमेकांस बांधलेले असतात म्हणूनच पडदा आपला आकार धरून राहतो. केराटोकोनसमध्यें हें बंधन सैल होतें, थर विरळ होतात, पडदा एका जागीं झिजतो, आणि डोळ्याच्या आंतील नेहमींच्या दाबानेंच तो तेवढ्या जागीं पुढें येतो. सायकलची जुनी ट्यूब एका ठिकाणीं विरली म्हणजे हवा भरतांच तेथेंच फुगा येतो. हा प्रकार तसाच. गोल घुमटाचा शंकु बनतो, आणि त्या शंकूचें टोंक बहुधा मध्याच्या किंचित् खालीं असतें.

नांवाची व्युत्पत्तिही हेंच सांगते. ग्रीक भाषेंत ‘केरास’ म्हणजे शिंग आणि ‘कोनोस’ म्हणजे शंकु. शिंगासारखा चिवट पडदा म्हणून लॅटिन भाषेंत ‘कोर्नू’ ह्या शब्दावरून ‘कॉर्निया’ झाला. आपला ‘शृंग’ शब्दही त्याच कुळांतला.

घरच्या घरीं संशय कसा घ्यावा

लांबचें अंधुक दिसण्याचा जो साधा दोष, तोही वाढीच्या वयांत वाढतो. पण त्यांत योग्य भिंग डोळ्यांपुढें धरलें कीं तक्त्यावरील बारीक ओळही स्वच्छ वाचतां येते. केराटोकोनसमध्यें पृष्ठभागच खडबडीत व वांकडा झालेला असल्यामुळें चष्म्याची सपाट कांच त्यास पुरी पडत नाहीं. सबब पहिली खूण ही : चष्मा ताजा असूनही दृष्टि स्वच्छ नाहीं.

दुसरी खूण चष्म्याच्या चिठ्ठ्यांत सांपडते. चिठ्ठीवर गोल नंबराच्या शेजारीं ‘सिलिंडर’ व ‘अक्ष’ असे आणखी दोन रकाने असतात. घरांतील मुलाच्या जुन्या चिठ्ठ्या फेंकून न देतां तारखेप्रमाणें एका लिफाफ्यांत ठेवाव्या, आणि नवी चिठ्ठी आली कीं सर्व ओळीनें मांडून पाहाव्या. सिलिंडरचा आंकडा दर खेपेस चढत असेल, अक्षाचे अंश इकडून तिकडे सरकत असतील, आणि दोन डोळ्यांत फार अंतर पडत चाललें असेल, तर केवळ नवीन चष्मा करून थांबूं नये. ह्या परीक्षेस पैसा लागत नाहीं. व्यवस्थितपणा तेवढा लागतो.

तिसरी खूण मुलाच्या तोंडूनच निघते. एका अक्षराच्या दोन-तीन छाया दिसणें, रात्रीं दिव्याभोंवतीं किरणांचे फांटे फुटणें, समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड पसरून सारा रस्ता झांकला जाणें, उन्हांत डोळे दिपणें, ह्या तक्रारी त्यानें केल्या तर त्या कल्पना म्हणून उडवून देऊं नयेत. विकार बहुधा दोन्ही डोळ्यांस होतो, पण एकास आधीं व अधिक. एक डोळा चांगला असला म्हणजे दुसऱ्याचें वैगुण्य मुलाच्याही लक्षांत येत नाहीं. ह्याकरितां आईनें महिन्यांतून एकदां मुलास खोलीच्या एका टोंकास उभें करून, एकेक डोळा तळहातानें अलगद झांकवून, भिंतीवरील दिनदर्शिकेचे आंकडे वाचावयास लावावे.

शिक्षकबंधूंसही विनंति आहे. मान वांकडी करून व डोळे बारीक करून फळ्याकडे पाहणारें मूल, किंवा शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेणारें मूल, पुष्कळदां ‘लक्ष नाहीं’ ह्या सदरांत जमा होतें. तें न पाहणारें नसून न दिसणारें असूं शकतें. हा विकार बहुधा दहाव्या वर्षानंतर व पंचविशीच्या आंत डोकें वर काढतो. म्हणजे नेमका आमच्या वर्गांत असतांना.

किती जणांस होतो

हा रोग नवा नाहीं. जर्मनींतील बुर्खार्ड माउखार्ट ह्यानें १७४८ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि १८५४ सालीं लिव्हरपूल येथील जॉन नॉटिंगहॅम ह्यानें त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आमच्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्राचे ७६ रोग सांगितले असून त्यांपैकीं ४ कृष्णमंडलाचे, म्हणजे काळ्या भागाचे, आहेत. त्यांतील ‘अजकाजात’ ह्या रोगांत काळ्या भागावर शेळीच्या लेंडीसारखा उंचवटा येतो असें म्हटलें आहे. कोणी अभिमानी पंडित तोच हा केराटोकोनस म्हणूं पाहतील. पण सुश्रुतानें त्या रोगांत वेदना, तांबडेपणा व चिकट अश्रु सांगितले आहेत. केराटोकोनस मात्र वर्षानुवर्षें वेदनेवांचून व लालीवांचून वाढतो. नांवें जुळविण्याच्या हौसेनें रोग्याचें हित साधत नाहीं. उलट, हा रोग दुखत नाहीं हेंच त्याचें कपट होय. जें दुखत नाहीं त्याकडे घर पाहत नाहीं.

हा विकार पूर्वीं फार विरळा समजला जाई. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांतील एका जिल्ह्याच्या नोंदींवरून १९८६ सालीं जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यांत दोन हजारांत एक असें प्रमाण निघालें. नेदर्लंड्समध्यें २०१७ सालीं विम्याच्या नोंदींवरून केलेल्या हिशेबांत तें ३७५ माणसांत एक असें आलें. ह्या दोहोंच्या मध्यें, २००९ सालीं, आपल्या महाराष्ट्रांतील एक महत्त्वाचें संशोधन प्रसिद्ध झालें. नागपूर येथील सूरज नेत्रसंस्थेचे डॉ. विनय नांगिया व जर्मनींतील प्राध्यापक योस्ट योनास ह्यांच्या मंडळीनें नागपूरच्या परिसरांतील ८ खेड्यांत घरोघर जाऊन तीस वर्षांवरील माणसांचे डोळे तपासले. ४,६०० हून अधिक लोकांचीं पारपटलें मोजलीं गेलीं. पारपटलाचा उठाव ४८ डायॉप्टर किंवा अधिक असेल तर केराटोकोनस मानावयाचा, ह्या मापानें शेंकडा २.३ लोक त्यांत आले.

हा आंकडा वाचून घाबरूं नये आणि तो विसरूंही नये. त्याच संशोधकांनीं मापाची रेषा ४९ वर नेली तेव्हां प्रमाण शेंकडा ०.६ झालें, आणि ५० वर नेली तेव्हां शेंकडा ०.१ उरलें. शिवाय तेथें गोलाई मोजणारें साधें यंत्र वापरलें होतें, संपूर्ण नकाशा काढणारें नव्हे. उठावदार पण निरोगी पारपटलेंही त्या पहिल्या आंकड्यांत आलीं असण्याचा संभव आहे. परंतु एवढें निश्चित कीं, हा विकार परदेशांतील पुस्तकांपुरता नसून आपल्या शेतकरी वस्तींतही आहे.

वाचनाचा दोष नाहीं, चोळण्याचा आहे

आतां त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळूं. वाचनानें केराटोकोनस होत नाहीं. मोबाइलाच्या अतिरेकाचे दुष्परिणाम कांहीं थोडे नाहींत, पण हा त्यांतला नव्हे. परीक्षेच्या वर्षीं मुलाचें पुस्तक काढून घेतल्यानें पारपटल सरळ होणार नाहीं. मुलगा मात्र दुहेरी नागवला जाईल.

ह्या विकाराचें संपूर्ण कारण एका वाक्यांत सांगण्याजोगें नाहीं. कांहीं भाग आनुवंशिक आहे. रोग्याच्या सख्ख्या भावंडांत व मुलांत तो इतरांपेक्षां अधिक आढळतो, म्हणून एकास निघाला तर बाकीच्यांचीही तपासणी करावी. पश्चिम आशियांतील संशोधनांत जवळच्या नात्यांतील विवाहांशींही त्याचा संबंध दिसून आला आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत तो विशेष असतो. परंतु आपल्या हातांत असलेलें कारण एकच, आणि तें म्हणजे डोळे चोळणें.

ज्यांस दमा, अंगावरील इसब किंवा डोळ्यांची ॲलर्जी आहे त्यांचे डोळे खाजतात; खाज आली कीं मूठ किंवा बोटांचीं पेरें घालून ते जोरानें रगडतात; त्यांत क्षणाचें सुख होतें आणि आधींच सैल झालेले तंतु अधिक सैल होतात. आमच्या खुटबावच्या बाजूस ऊस फार. तोडणीच्या दिवसांत पाचटाची कूस उडते, गुऱ्हाळांत चुलाणाचा धूर भरतो, आणि उन्हाळ्यांत रस्त्याचा फुफाटा डोळ्यांत जातो. मुलें दोन्ही हातांनीं डोळे रगडतात, आणि मोठी माणसें ‘चोळ, निघून जाईल’ म्हणून सांगतात. हा उपदेश आजपासून बंद व्हावा. कण गेला तर स्वच्छ पाण्याची धार घ्यावी. खाज असेल तर गार पाण्यांत भिजवून पिळलेली स्वच्छ फडक्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी, आणि ॲलर्जीवर नेत्रवैद्याकडून रीतसर औषध घ्यावें. उशींत डोळा दाबून पालथें निजण्याची संवयही मोडावी.

एक धोक्याची सूचना येथेंच देतों. खाजेवर स्टिरॉइडचे थेंब तत्काळ गुण देतात, म्हणून पुष्कळ घरांत एकदां मिळालेली बाटली पुन्हां पुन्हां दुकानांतून आणली जाते. वैद्याच्या देखरेखीवांचून ते महिनोन्महिने घातल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊं शकतो, आणि मोतीबिंदूही अकालीं येतो. मध, गुलाबपाणी, काजळ ह्यांनींही शंकु बसत नाहीं.

तपासणी कोठें व कशी

पोर्तुगालमधील प्लासिदो ह्या नेत्रवैद्यानें १८८० च्या सुमारास काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची एक चकती केली. ती डोळ्यासमोर धरली कीं पारपटलावर तीं वर्तुळें आरशाप्रमाणें उमटतात. पारपटल निरोगी असेल तर वर्तुळें नीट गोल. शंकु असेल तर तीं दबलेलीं व वेडींवांकडीं. आजचें नकाशा काढणारें यंत्र ह्याच कल्पनेचा विस्तार होय. आणखी प्रगत यंत्रें पारपटलाचें मागील पृष्ठ व जागोजागची जाडीही मोजतात, म्हणून चष्म्यावर परिणाम होण्यापूर्वींच ह्या विकाराची चाहूल लागूं शकते. तपासणी वेदनारहित असून कांहीं मिनिटांत उरकते.

चष्म्याच्या दुकानांत किंवा गांवच्या नेत्रशिबिरांत हें यंत्र सहसा नसतें. तीं शिबिरें मुख्यतः मोतीबिंदूसाठीं असतात, त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. आमच्या गांवाहून रेल्वेनें यवत, उरुळी, लोणी करीत हडपसरास उतरतां येतें. त्या भागांत महंमदवाडीस एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय आहे. पुण्यांत ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. इतर जिल्ह्यांतील वाचकांनीं आपल्या जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या नेत्ररुग्णालयाच्या ठिकाणीं चौकशी करावी. जाण्यापूर्वीं दोनच प्रश्न विचारावे : पारपटलाचा नकाशा येथें काढतात काय, आणि पारपटलाचे तज्ज्ञ कोणत्या वारीं बसतात. जातांना जुन्या चिठ्ठ्यांचा तो लिफाफा बरोबर न्यावा. मूल कॉन्टॅक्ट लेन्स लावीत असेल तर ती किती दिवस आधीं काढून ठेवावी हेंही विचारून घ्यावें, कारण भिंगाच्या दाबानें नकाशा बदलतो.

एका नकाशावर सर्व ठरत नाहीं. विकार पुढें सरकत आहे कीं स्थिर आहे, हें कळण्यास कांहीं महिन्यांच्या अंतरानें पुन्हां नकाशा काढून दोन्ही ताडून पाहावे लागतात. मूल जितकें लहान तितका रोगाचा वेग अधिक, म्हणून मुलांच्या बाबतींत हें अंतर वैद्य थोडें ठेवतात. दुसऱ्या खेपेस जावयाचा कंटाळा करणें म्हणजे पहिली खेप वायां घालविणें होय.

उपचारांचें तारतम्य

उपचारांचे दोन हेतु निरनिराळे आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यानें पुष्कळ लोक निराश होतात. एक हेतु रोग थोपविण्याचा, दुसरा दृष्टि सुधारण्याचा.

रोग थोपविण्याचा उपाय ‘क्रॉस-लिंकिंग’ हा होय. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें थिओ झायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो सिद्ध केला. २२ रोग्यांच्या २३ डोळ्यांवरील त्यांचा अनुभव २००३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्या सर्व डोळ्यांत विकाराची वाढ थांबलेली आढळली. अमेरिकेच्या सरकारी खात्यानें २०१६ सालीं त्यास मान्यता दिली. मूळ पद्धति अशी : डोळा थेंबांनीं बधिर करून पारपटलावरील नाजूक साल काढतात, रिबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब सुमारें अर्धा तास घालतात, आणि नंतर ठराविक मापाचा अतिनील प्रकाश अर्धा तास टाकतात. त्या योगानें तंतूंमध्यें नवीं बंधनें निर्माण होऊन पडदा ताठ होतो. ह्या मूळ पद्धतीस पारपटलाची जाडी निदान ४०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चारदशांश, असावी लागते. पडदा त्याहून झिजला तर मार्ग अवघड होतो. विलंबाचें मोल येथें कळतें. हें जीवनसत्त्व पोटांत घेऊन किंवा उन्हांत बसून हा परिणाम होत नाहीं, हें भोळ्या लोकांसाठीं सांगून ठेवतों.

ह्या उपचारानंतर दोन-चार दिवस डोळा बराच दुखतो, पाणी येतें, उजेड सहन होत नाहीं. कांहीं आठवडे अंधुकही दिसतें. बहुतेकांत विकार थांबतो, कांहींत शंकु किंचित् बसतो. पण चष्मा सुटेल अशी आशा धरूं नये. घराचा पाया पक्का केला म्हणून भिंतीचा पोपडा भरत नाहीं. तें काम वेगळें.

दृष्टि सुधारण्याचें तें काम आरंभीं चष्मा करतो. तो अपुरा पडला म्हणजे कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावतात. ती आपला गोल आकार सोडत नाहीं. तिच्या आणि वांकड्या पारपटलाच्या मधल्या पोकळींत अश्रु भरतात, आणि प्रकाशास पुन्हां एक सफाईदार गोल पृष्ठ मिळतें. ॲडॉल्फ फिक ह्यानें १८८८ सालीं झूरिक येथें कांचेच्या पहिल्या लेन्स वर्णिल्या, त्यांचा उपयोग अशाच रोग्यांसाठीं त्यानें करून पाहिला होता. आजच्या लेन्स हवा आंत जाऊं देतात, आणि ज्यांस त्या टोंचतात त्यांच्यासाठीं पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्सही मिळतात. अमेरिकेचा नामांकित बास्केटबॉलपटु स्टीफन करी ह्यानें २०१९ सालीं आपणांस हा विकार असून आपण लेन्स लावूं लागल्याचें जाहीर केलें. ज्याचा सारा धंदाच नेम धरण्याचा, त्याचें काम ज्यानें अडलें नाहीं, त्यानें आपल्या मुलाची पदवी अडण्याचें कारण नाहीं.

मात्र ह्या लेन्सचें सोंवळें कडक असतें. हात साबणानें धुऊन कोरडे केल्यावांचून शिवूं नये. नळाचें, विहिरीचें वा तोंडांतील पाणी तिला लावूं नये. ठराविक द्रावणानेंच धुवावी व तें रोज नवें घ्यावें. लेन्स घालून निजूं नये, नदींत किंवा विहिरींत पोहूं नये. पाण्यांतील सूक्ष्म जीव पारपटलांत शिरले तर डोळा गमावण्याची पाळी येते.

लेन्स बसत नसेल तर पारपटलाच्या थरांत अर्धवर्तुळाकार कडीं बसवून आकार सुधारतात. हींच कडीं दान मिळालेल्या पारपटलाचीं करण्याची युक्ति चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब ह्यांनीं काढली. पडद्यावर दाट डाग पडला किंवा तो फारच झिजला तर अखेरचा मार्ग प्रत्यारोपणाचा. त्यांतही शक्य तेथें आंतील निरोगी थर रोग्याचाच ठेवून वरचे थर तेवढे बदलतात, म्हणजे शरीरानें कलम नाकारण्याचें भय कमी होतें. कलमाचे टांके पुष्कळदां वर्षभर किंवा अधिक राहतात, आणि डोळा लाल होणें, दुखणें, अंधुक होणें ह्यांपैकीं कांहींही झालें तर त्याच दिवशीं वैद्याकडे धांवावें लागतें.

अशीच तांतडी आणखी एका प्रसंगीं. वाढलेल्या शंकूचा आंतला थर कधीं अकस्मात् फाटतो, पाणी आंत शिरतें आणि बुबुळ पांढरें होऊन सुजतें. तो डोळा फुटला असें नव्हे. उपचारानें सूज कांहीं आठवड्यांत-महिन्यांत उतरते, परंतु ‘उद्यां पाहूं’ म्हणूं नये.

चष्मा घालविण्याची घाई आणि लग्नाची गोष्ट

हल्लीं मुलगा किंवा मुलगी लग्नाची झाली कीं लेसरनें चष्मा घालविण्याची टूम निघते. लेसरनें पारपटलाचा कांहीं भाग घासून पातळ केला जातो. ज्याचें पारपटल आधींच दुबळें, त्याच्यावर हें कर्म म्हणजे खचत्या भिंतींतून विटा काढणें होय. म्हणून नकाशा व जाडी तपासल्यावांचून कोणीही लेसर करून घेऊं नये. आणि तज्ज्ञानें ‘नको’ म्हटलें तर ‘हो’ म्हणणारा दुसरा शोधीत हिंडूं नये.

ज्यांस हा विकार आहे त्यांनीं लग्नाच्या वेळीं तो लपवूं नये, आणि समोरच्यांनीं त्यांस अंध समजूं नये. ह्या विकारानें बहुतेक माणसें पूर्ण आंधळीं होत नाहींत. तीं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. लेन्सची पेटी लपवून संसार करण्यापेक्षां ती उघड्या फडताळांत ठेवून केलेला बरा. ज्या स्त्रियांस हा विकार आहे त्यांनीं गरोदरपणाच्या काळांत वैद्यास आवर्जून दाखवावें, कारण त्या काळांत तो कांहींजणींत पुढें सरकल्याचें आढळलें आहे.

दधीचीच्या कुळांतील कर्तव्य

प्रत्यारोपणासाठीं पारपटल कारखान्यांतून येत नाहीं. तें कोणाच्या तरी घरांतील मृत्यूनंतर, त्या घरानें मन घट्ट केल्यावर येतें. भारतांतील पहिली नेत्रपेढी १९४५ सालीं मद्रासेस निघाली. तरीही ‘डोळे दिले तर पुढील जन्मीं आंधळा जन्मेल’ अशी धास्ती अजून ऐकूं येते. देवांच्या कार्यासाठीं दधीचि ऋषींनीं आपल्या अस्थि दिल्या. त्यांस पुढें अस्थि मिळाल्या नाहींत, असें कोणत्या पुराणांत आहे?

मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आंत, जितक्या लवकर तितकें बरें, नेत्रपेढीस कळवावें. तोंवर मृताच्या पापण्या मिटाव्या, त्यांवर ओला स्वच्छ कापूस ठेवावा, वरचा पंखा बंद करावा, आणि डोक्याखालीं उशी द्यावी. नेत्रपेढीचे लोक घरीं येतात, अर्ध्या तासाच्या आंत काम उरकतें, चेहरा विद्रूप होत नाहीं, आणि अंत्यसंस्कार अडत नाहीं. चष्मा असलेल्या किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाचेंही पारपटल घेतां येतें. म्हणून ‘आमचे डोळे काय कामाचे’ हा प्रश्न वृद्धांनीं मनांत आणूं नये. संकल्पपत्र भरून तें देवघरांत पुरून ठेवूं नये. घरच्यांस सांगून ठेवावें, कारण त्या वेळीं फोन करावयाचा असतो तो त्यांनीं.

तात्पर्य इतकेंच. चष्म्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. मुलांचे हात डोळ्यांपासून दूर ठेवा. नवा चष्मा लावूनही जो धड पाहत नाहीं, त्यास रागावण्यापूर्वीं एकदां पारपटलाच्या तज्ज्ञाकडे न्या. आणि विकार निघालाच तर घाबरून वर्ष घालवूं नका, कारण ह्या रोगांत घालविलेलें वर्ष तेवढें परत मिळत नाहीं.